विंध्याचं वय, चित्रकूटचे जीवाश्म आणि भीमबेटक्याचं मोहोळ

१९९८ साली विंध्याच्या खडकांवर दोन शोधनिबंध आले. दोन्ही एकाच वेळी खरे असणं शक्य नव्हतं.

पहिला ‘सायन्स’मध्ये. लेखक अडोल्फ झाइलाखर, जादवपूर विद्यापीठाचे प्रदीप बोस आणि फ्रीडरिश फ्लुगर. मध्य प्रदेशातल्या चोरहट वालुकाश्माच्या थरांवर त्यांना वळणावळणाचे बारीक माग दिसले. चिखलातून वाट काढत गेलेल्या कृमीसारख्या प्राण्यांचे हे माग, असं त्यांचं म्हणणं. खडक १०० कोटी वर्षांहून जुना धरला जात होता, म्हणजे प्राणीही तेवढे जुने. दुसरा निबंध डेहराडूनच्या वाडिया संस्थेतले रफत आझमी यांचा. त्यांना चोरहटच्याही वर असलेल्या रोहतास चुनखडकात बारीक कवचांचे जीवाश्म सापडले. अशी कवचं जगभर कँब्रियन काळाच्या तोंडावर, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी येतात. त्यांच्या हिशेबाने हा सगळा खडक तरुण होता.

चोरहट आणि रोहतास दोन्ही विंध्याच्या तळाच्या सेमरी गटातले. मधल्या थरांत पन्नास कोटी वर्षांचा खंड लपवायला जागा नाही. म्हणजे एक तर प्राणी जगाच्या समजुतीपेक्षा दुप्पट जुने होते, किंवा विंध्य समजुतीपेक्षा निम्म्याच वयाचा होता. निकाल लागला तेव्हा दोन्ही पर्याय चुकीचे ठरले, आणि जे हाती लागलं ते दोन्हींपेक्षा जास्त मोलाचं होतं.

आधी थरांची ओळख करून घेऊ. विंध्याच्या खोऱ्यात एकावर एक मिळून चार किलोमीटरच्या आसपास जाडीचा गाळाचा खडक आहे. तळाशी सेमरी, त्यावर कैमूर, मग रेवा, आणि सगळ्यात वर भांडेर. सेमरीत खालून वर जाताना काजराहाट चुनखडक, मग पोर्सेलनाइट, त्यावर चोरहट वालुकाश्म आणि सलखन चुनखडक असलेला खैनजुआ, आणि माथ्यावर रोहतास. आपल्या गोष्टीत पोर्सेलनाइटचं काम मोठं आहे. हा म्हणजे ज्वालामुखीची राख पाण्यात पडून, सिलिकाने घट्ट होऊन झालेला खडक. फोडला की चिनी मातीच्या बशीसारखी गुळगुळीत, धारदार कपची निघते.

राखेचं महत्त्व एवढ्यासाठी, की वाळू किंवा चुन्याच्या गाळाला स्वतःचं घड्याळ नसतं. वाळूचा प्रत्येक कण कुठल्या तरी जुन्या डोंगरातून आलेला असतो, त्याचं वय त्या डोंगराचं. राख मात्र उद्रेकानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत तळाशी बसते, आणि तिच्यातले झिरकॉन या खनिजाचे स्फटिक उद्रेकाच्या थोडंच आधी शिलारसात तयार झालेले असतात. राखेच्या थराचं वय मिळालं, की त्याच्या वरचं सगळं त्याहून तरुण आणि खालचं सगळं त्याहून म्हातारं.

झिरकॉन वाढताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ पूर्णपणे बाहेर ठेवतो. त्यामुळे पुढे आत जे शिसं सापडतं ते बहुतेक सगळं युरेनियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून झालेलं. यात एक नाही, दोन घड्याळं चालतात. युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ होतं, अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं. युरेनियम-२३५ पासून शिसे-२०७ होतं, अर्धायुष्य सुमारे ७० कोटी. १६३ कोटी वर्षांच्या स्फटिकात उरलेल्या दर १०० युरेनियम-२३८ अणूंमागे जवळपास २९ अणू शिसे-२०६ चे असायला हवेत, आणि उरलेल्या प्रत्येक युरेनियम-२३५ अणूमागे जवळपास ४ शिसे-२०७ चे. दोन्ही गुणोत्तरांनी एकच वय सांगितलं तर विश्वास ठेवायचा. स्फटिकातून मधल्या काळात शिसं निसटलं असेल तर दोन घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात, आणि चोरी लगेच पकडली जाते. भूशास्त्रात एवढा प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही, असं माझं मत.

प्रत्यक्ष काम मात्र कष्टाचं आणि कंटाळवाणं असतं. राखेच्या थरातून काही किलो ताजा दगड घ्यायचा. ऊन-पावसाने मऊ पडलेला वरचा भाग टाकून द्यायचा. जबड्याच्या क्रशरमध्ये फोडून, दळून, साधारण पाव मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायचा. मग हलत्या, तिरप्या टेबलावर पाण्याच्या धारेत हलके कण वाहू द्यायचे. लोहचुंबकाने मॅग्नेटाइट काढायचं. त्यानंतर जड द्रव. ब्रोमोफॉर्मची घनता २.८९, त्यात क्वार्ट्‌झ (२.६५) तरंगतो, मेथिलीन आयोडाइडची ३.३ च्या आसपास, त्यात अपॅटाइट हे फॉस्फेटचं खनिजही वर राहतं. झिरकॉनची घनता ४.६-४.७, तो तळाला जातो. दोन्ही द्रव विषारी आहेत, धूर ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर त्यांची बाटली उघडू नये. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक स्फटिक सुईने निवडायचा. राखेतले स्फटिक लांबट, टोकदार, धारेचे असतात. गोलसर, झिजलेला दाणा दिसला तर तो नदीने वाहून आणून राखेत मिसळलेला परका पाहुणा समजावा.

घोळ बहुतेक वेळा तीन ठिकाणी होतो. क्रशर नीट धुतला नसेल तर आधीच्या नमुन्याचे दाणे यात मिसळतात, आणि असा एक दाणा सगळा निष्कर्ष फिरवू शकतो. दुसरं, स्फटिकाच्या गाभ्यात जुना, वारशाने आलेला झिरकॉन असतो आणि त्याभोवती नवा वाढलेला असतो. अख्खा स्फटिक विरघळवला तर दोन्हींची सरासरी मिळते, जी कुठल्याच घटनेचं वय नसते. म्हणून स्फटिक रेझिनमध्ये बसवून अर्धा घासतात, इलेक्ट्रॉनच्या झोतात त्याच्या आतल्या वर्तुळांचा फोटो काढतात, आणि मग वीस-तीस मायक्रॉनच्या ठिपक्यावर आयनांचा झोत किंवा लेझर सोडून तेवढंच मोजतात. तिसरं, युरेनियम जास्त असलेल्या स्फटिकाची जाळी स्वतःच्याच किरणोत्साराने मोडते आणि तिथून शिसं गळतं. त्यावर अलीकडचा उपाय म्हणजे स्फटिक ९०० अंश सेल्सिअसला दोनएक दिवस भाजायचे आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लात दाबाखाली ठेवायचे. मोडका भाग विरघळून जातो, धड भाग उरतो.

२००२ साली दोन स्वतंत्र गटांनी सेमरीतल्या राखेवर हे काम केलं. एकात बिर्गर रासमुसेन आणि सहकारी, दुसऱ्यात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले ज्योतिरंजन रे आणि सहकारी. पोर्सेलनाइटचं वय दोघांना एकच मिळालं: जवळपास १६३ कोटी वर्षं. रासमुसेन यांच्या गटाने चोरहटच्या वरच्या राखेचंही वय काढलं, ते १६० कोटी. म्हणजे चोरहट वालुकाश्म वरून आणि खालून असा दोन्हीकडून चिमटीत सापडला. रोहतास चुनखडकाच्या शिसे समस्थानिकांवरून निघालेलं वयही १६० कोटींच्या आसपासच आहे, जरी त्यातली त्रुटीची मर्यादा बरीच मोठी आहे.

आझमींची ‘कँब्रियन कवचं’ आता शंभर कोटी वर्षांनी मागे गेली. पण झाइलाखरांचीही सुटका नव्हती. शंभर कोटी वर्षांपूर्वीचा कृमी एक वेळ लोकांनी मनावर दगड ठेवून मान्य केला असता. १६० कोटींपूर्वीचा प्राणी म्हणजे मधली १०० कोटी वर्षं त्या प्राण्याने एकही खूण न ठेवता काढली, असं मानावं लागतं. पुढच्या अभ्यासात हे माग प्राण्यांचे नाहीत, असंच मत रुजलं. वाळूवर जिवाणूंचा चिवट थर वाढतो. तो आक्रसतो, फाटतो, त्याखाली वायू अडकतो, आणि या सगळ्यातून नळीसारख्या, वळणदार आकृत्या तयार होतात. प्राण्याचा माग असेल तर त्याची रुंदी सगळीकडे साधारण सारखी हवी, वळणावर वाळू बाजूला ढकललेली दिसायला हवी, आणि फाटे फुटले तरी ते टोकाकडे निमुळते होता कामा नयेत. निमुळती टोकं दिसली की आधी आक्रसून पडलेल्या भेगेचा संशय घ्यावा.

आझमींच्या नमुन्यांचं प्रकरण अधिक अवघड होतं. जीवाश्म खरे नाहीत, खनिजांच्या आकृत्या आहेत, अशी शंका घेतली गेली. ते बनावट असल्याचीही कुजबुज झाली. शंकेला एक तांत्रिक कारण होतं. फॉस्फेटचे असे जीवाश्म आम्लात खडक विरघळवून काढतात. साधारण दहा टक्के असिटिक आम्लात डोलोमाइट किंवा चुनखडकाचे तुकडे आठवडेच्या आठवडे ठेवायचे, कार्बोनेट विरघळतं, अपॅटाइट उरतं, तो गाळ चाळून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. घाईने हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर जीवाश्मही जातो. ताजं असिटिक आम्लसुद्धा फॉस्फेटला हळूहळू खातं, म्हणून जाणकार त्यात आधीच्या खेपेचं वापरलेलं, कॅल्शियम असिटेट असलेलं पाणी तिसऱ्या हिश्श्याएवढं मिसळतात. पण पद्धत कितीही नीट वापरली तरी शेवटी हातात येतो तो सुटा दाणा. तो खडकात नक्की कुठे होता हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. नळाच्या पाण्यातून, धुळीतून, भांड्यातून काहीही येऊ शकतं.

स्टॉकहोमच्या निसर्ग इतिहास संग्रहालयातले स्तेफान बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी योग्य मार्ग धरला. ते चित्रकूटला गेले आणि जानकीकुंडच्या परिसरातल्या त्याच थरांतून स्वतः नवे नमुने गोळा केले. २००९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की जीवाश्म अस्सल आहेत आणि खडकही जुनाच आहे. फॉस्फेटचंच शिसे-शिसे वय, म्हणजे शिशाच्या समस्थानिकांच्या गुणोत्तरावरून निघणारं वय, त्यांनी काढलं, ते १६५ कोटी आलं, त्रुटी ९ कोटींच्या आसपास. सुटे दाणे तर त्यांनी पाहिलेच, शिवाय स्वित्झर्लंडमधल्या सिंक्रोट्रॉनच्या (इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवून प्रखर किरण देणाऱ्या यंत्राच्या) क्ष-किरणांनी न फोडता आतली रचना पाहिली. प्राण्यांच्या गर्भासारखे वाटणारे गोल म्हणजे जिवाणूंच्या थरात अडकलेले वायूचे बुडबुडे निघाले, ज्यांच्या भिंतीवर खनिज बसलं होतं. वळ्या असलेल्या नळ्या मात्र कवचं नव्हती. ती तंतुमय शैवालं होती.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतो तो बेंग्टसन आणि सहकाऱ्यांचाच २०१७ चा निबंध. त्यात दोन जीवाश्मांना नावं मिळाली: ‘रफताझमिया चित्रकूटेन्सिस’ आणि ‘रामाथॅलस लोबॅटस’. ज्यांच्यावर शंका घेतली गेली त्यांचंच नाव पहिल्याला दिलं आहे. रफताझमिया म्हणजे एकापुढे एक पेशी जोडलेला तंतू. पेशींमधल्या आडभिंतींच्या मधोमध छिद्रासारखी रचना आहे, जशी आजच्या लाल शैवालात शेजारच्या पेशींना जोडते. प्रत्येक पेशीत एक चपटी चकती आहे, ती हरितलवकातल्या पायरेनॉइडची, म्हणजे कर्बवायू पक्का करणाऱ्या प्रथिनांच्या गोळ्याची, असावी असा संशोधकांचा अंदाज. रामाथॅलस मांसल, खंडांचा, पेशींच्या कारंज्यासारख्या रांगांचा. हे वाचन बरोबर असेल तर १६० कोटी वर्षांपूर्वी बहुपेशीय लाल शैवाल चित्रकूटच्या उथळ समुद्रात होतं. त्याआधी निर्विवाद लाल शैवाल म्हणजे कॅनडातलं बँगिओमॉर्फा, सुमारे १०५ कोटी वर्षांचं. एका झटक्यात ५५ कोटी वर्षांची उडी.

ही उडी दिसते त्याहून लांब जाते. लाल शैवालात हरितलवक असतं, आणि ते आलं एका सायनोबॅक्टेरियाला, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूला, गिळून कायमचं पोटात ठेवण्यातून. त्यासाठी आधी केंद्रक असलेली, मायटोकाँड्रिया बाळगणारी पेशी हवी. म्हणजे या सगळ्या पायऱ्या १६० कोटींच्या आधीच चढून झाल्या होत्या. हवेत ऑक्सिजन टिकायला लागला सुमारे २४० कोटींच्या आसपास. त्यानंतर १८० ते ८० कोटींच्या मधल्या पट्ट्याला भूशास्त्रज्ञ थट्टेने ‘कंटाळवाणी शंभर कोटी वर्षं’ म्हणतात. चित्रकूट पाहिल्यावर ती थट्टा जरा फिकी पडते. पायरेनॉइडवर वाद आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. पण २०२४ मध्ये उत्तर चीनमधून ‘चिंगशानिया’ हे सुमारे १६३ कोटी वर्षांपूर्वीचं बहुपेशीय तंतुमय शैवाल जाहीर झालं, त्यामुळे चित्रकूट आता एकटं राहिलेलं नाही.

आता वरच्या विंध्याकडे. तिथे सेमरीसारखी सोयीची राख हाती लागत नाही. त्यामुळे वेगळी युक्ती लागते. पन्नाच्या हिऱ्याच्या खाणीत, मझगवाँला, किंबरलाइटची, म्हणजे खोलातून हिरे घेऊन येणाऱ्या ज्वालामुखी खडकाची, नळी कैमूर गटाचा वालुकाश्म भेदून वर आली आहे. त्यातल्या अभ्रकाचं आर्गॉन पद्धतीने निघालेलं वय १०७ कोटी वर्षं. भेदणारा खडक भेदला जाणाऱ्यापेक्षा तरुण, म्हणून कैमूर १०७ कोटींहून जुना. वरच्या भांडेर वालुकाश्मातले सगळ्यात तरुण झिरकॉन दाणे सुमारे १०२ कोटींचे. इथे सावध राहायचं: वाळूतला सर्वांत तरुण दाणा फक्त ‘याहून जुना नाही’ एवढंच सांगतो. ती वाळू ९५ कोटींची असू शकते, ५५ कोटींचीही. भांडेरच्या खडकात गोठलेल्या चुंबकत्वाची दिशा मझगवाँच्या नळीतल्या दिशेशी जुळते, म्हणून अमेरिकेतले जो मीर्ट आणि सहकारी भांडेरला १०० कोटींच्या आसपास ठेवतात. ज्यांना ते पटत नाही ते त्याला ५५ कोटींपर्यंत खाली ओढतात.

या भांडणात २०२१ मध्ये भीमबेटका उतरलं. भोपाळजवळची ही शैलाश्रयांची जागा विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली उजेडात आणली, तीच. तिथल्या ‘ऑडिटोरियम’ गुहेत, भांडेर वालुकाश्मावर, ग्रेगरी रेटालॅक आणि सहकाऱ्यांना मधोमध शीर आणि दोन्ही बाजूंना फासळ्या असलेला, पानासारखा, ४० सेंटिमीटरहून लांब ठसा दिसला. डिकिन्सोनिया, असं त्यांनी जाहीर केलं. हा प्राणी ऑस्ट्रेलियातल्या एडिआकरा टेकड्यांतून आणि रशियाच्या श्वेत समुद्राकाठून माहीत आहे, वय साधारण ५५ कोटी. तसं असेल तर भांडेरच्या वयाचा वाद संपलाच.

मीर्ट यांच्या गटाने जागेवर जाऊन पाहिलं तेव्हा ‘जीवाश्म’ खडकावरून सोलवटून निघायला लागला होता. पंचावन्न कोटी वर्षं टिकलेली गोष्ट दोन-तीन वर्षांत सोलवटत नाही. बारकाईने पाहिल्यावर षट्‌कोनी घरं दिसली. जवळपास ताजी मोहोळंही लटकलेली होती. ते आग्या मोहोळाचे, मधमाश्या उडून गेल्यावर खडकाला चिकटून राहिलेले अवशेष होते. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि रेटालॅक यांनी चूक मान्य केली. तीही ताबडतोब, जे या क्षेत्रात फारसं घडत नाही.

आग्या मोहोळ कड्याच्या पुढे आलेल्या छताखाली लागतं हे इकडच्या कुठल्याही मध काढणाऱ्याला माहीत असतं. पण या चुकीचं मूळ ओळख पटवण्याच्या आधीच आहे. जागतिक वारसास्थळात हातोडा चालवता येत नाही, म्हणून निर्णय दिसण्यावर झाला. दिसण्यावरून करायचं असलं तरी काही गोष्टी न फोडता तपासता येतात. ठसा थराच्या सपाटीवर आहे की थरांना आडवा जातो? त्याचा उठाव खडकाच्याच वाळूचा आहे की वरून चिकटलेल्या पदार्थाचा? नख किंवा टाचणी लागते का? खडकावरच्या काळ्या डागांना तो झाकतो, की डाग त्याच्यावर चढले आहेत? यातला शेवटचा प्रश्न भीमबेटक्यात विशेष कामाचा, कारण तिथल्या चित्रांचे थर अभ्यासणाऱ्यांनाही तोच विचारावा लागतो.

विंध्यातलं प्राचीन जीवन डोळ्यांनी बघायचं असेल तर सोनभद्र जिल्ह्यात रॉबर्ट्‌सगंजजवळ सलखनला जावं. तिथे उघड्यावर स्ट्रोमॅटोलाइट आहेत, म्हणजे जिवाणूंच्या थरांनी गाळ पकडत, चुना बसवत वर वर रचलेले खांब आणि घुमट. वरून कापलेले खांब एकात एक वर्तुळांसारखे दिसतात, बाजूने पाहिलं तर मिलिमीटरभर जाडीचे पापुद्रे वरच्या बाजूला फुगलेले. खऱ्या स्ट्रोमॅटोलाइटमध्ये पापुद्रा माथ्यावर जाड आणि उतारावर पातळ असतो, आणि दोन खांबांमधल्या फटीत मोडलेल्या तुकड्यांचा गाळ आडवा भरलेला असतो. दोन्ही दिसलं तर दगडाची मूळची वरची बाजू कुठली हेही कळतं. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात पापुद्रे उठून दिसतात, दुपारी सगळं सपाट वाटतं. पृष्ठभाग पाण्याने ओला केला तर आणखी स्पष्ट होतं. तुकडा काढू नये, फोटोत मोजपट्टी ठेवावी.

घुमट दिसला की स्ट्रोमॅटोलाइट, असं मात्र नाही. २०१६ मध्ये ग्रीनलंडच्या इसुआ भागातल्या ३७० कोटी वर्षांच्या खडकातले शंकू सर्वांत जुने स्ट्रोमॅटोलाइट म्हणून गाजले. २०१८ मध्ये अ‍ॅबिगेल ऑलवुड यांच्या गटाने तिसऱ्या बाजूने पाहिलं, तेव्हा शंकू प्रत्यक्षात लांबट कणे निघाले, खडक ज्या दिशेने ताणला गेला त्याच दिशेने पसरलेले, आणि आत पापुद्रेही नव्हते. एकाच छेदावरून आकार ठरवल्याचा तो परिणाम. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारामधले ३४८ आणि ३४३ कोटींचे स्ट्रोमॅटोलाइट मात्र बहुतेकांना मान्य आहेत.

महाराष्ट्रात फिरताना फसवणारी गोष्ट वेगळी आहे. रस्त्याच्या कापात काळ्या दगडाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोळे दिसतात, आणि कुणीतरी हमखास त्यांचे फोटो ‘जीवाश्म’ म्हणून पाठवतं. तो बेसॉल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा गोठलेला लाव्हा. भेगांतून पाणी शिरून कोपरे आधी कुजतात आणि गोळे उरतात. राज्याचा चार-पंचमांश भाग या लाव्हाखाली आहे, त्यामुळे विंध्याच्या पिढीचे थर आपल्याकडे कडेकडेला तेवढे उघडे पडतात. वणी, राजुरा, कोरपना भागातला, सिमेंट कारखान्यांना जाणारा पैनगंगा गटाचा चुनखडक हा त्यातला सर्वांत सहज गाठता येणारा. तिथे खाणीच्या कापलेल्या भिंतीत थर स्वच्छ दिसतात. आत जायला परवानगी लागते. गेलात तर चुनखडकाच्या मध्ये फिकट, कठीण, बशीसारखा फुटणारा पातळ पट्टा आहे का ते आधी बघा. राखेचा थर निघाला तर घुमटापेक्षा जास्त कामाचा तोच.